बारिमांच्या दुकानाचा मालक कोण

घानातल्या कुमासी शहराच्या अडुम भागात बारिमांचं तीन मजली दुकान होतं, आणि त्या दुकानावरच्या पाटीची त्यांच्या मुलीला, अब्राफीला, लहानपणापासून धास्ती वाटायची. 'बारिमा अँड चिल्ड्रन' अशी ती पाटी. हातभर उंचीची लाल अक्षरं, त्यांना सोनेरी कड. रंगारी ती रंगवत होता तेव्हा अब्राफी नुकती शाळेत जायला लागली होती. शिडीखाली उभी राहून ती अक्षरं जुळवत होती, तेवढ्यात अडोमा आत्या आली. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने रंगाऱ्याकडून पाटी वाचून घेतली आणि भर रस्त्यात कंबरेवर हात ठेवून भावाला हाक मारली.

"बारिमा! अरे, खाली ये! मुलं कुणाची रे? मुलं बायकोच्या कुळाची. तुझं रक्त माझ्या पोटी वाढलंय. ही पाटी नाही लावलीस तू, माझ्या अजेईच्या थोबाडीत मारलीस!"

बारिमा हसत बाहेर आले. "अगं अडोमा, किती ओरडतेस! गोऱ्यांच्या दुकानांवर असतं ना 'अँड सन्स', तसंच हे. शोभेला."

तो 'शोभेला' शब्द अब्राफीच्या मनात रुतून बसला. अशांटी माणसाची कमाई त्याच्यामागे त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाते, हे तिला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण आत्याबरोबर आलेला तिचा मुलगा, अब्राफीच्याच वयाचा अजेई, पाटीकडे बघतच नव्हता. तो दुकानाच्या दाराकडे बघत होता. एवढं तिला दिसलं.

बारिमांना स्वतःलाही असंच मिळालं होतं. त्यांचा मामा गेला तेव्हा त्याची कोकोची बाग भाचा म्हणून त्यांच्याकडे आली, आणि मामाची बायको-पोरं बोचकी डोक्यावर घेऊन वाटेला लागली. त्या बागेच्या पहिल्या पिकावर बारिमांनी सायकल घेतली. सायकलवर मीठ, कंदिलाच्या काचा, कोयते, आरसे लादून ते खेडोपाडी हिंडायचे. हिंडता हिंडता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. गावात कुणी मेलं की घरची माणसं शहरात येतात आणि दिवसभर उन्हात वणवण करतात. काळं कापड एकीकडे, चपला दुसरीकडे, पाहुण्यांसाठी ताटल्या आणि खुर्च्या तिसरीकडे. रडून सुजलेल्या डोळ्यांनी बायका दुकानादुकानांत घासाघीस करत बसतात.

"या लोकांना एका दारातून आत घ्यायचं आणि त्याच दारातून सगळं देऊन बाहेर पाठवायचं," असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको पोकुआ बसस्थानकाजवळ भात-कालवण विकायची. तिने ऐकलं, आणि भाताचं पातेलं आणखी मोठं घेतलं.

त्यातून दुकान उभं राहिलं. तळमजल्यावर भांडी, कंदील, साबण, चपला. पहिल्या मजल्यावर कापडच कापड, लग्नाचं, बारशाचं आणि मुख्य म्हणजे मर्तिकाचं. सर्वांत वर गाद्या, खुर्च्या, शिलाई मशिनं आणि एका कोपऱ्यात बारिमांची बसायची जागा. मधल्या मजल्याच्या भिंतींत पोकुआच्या भाताचे पैसे आहेत हे सगळ्या अडुमला ठाऊक होतं. फक्त चारचौघांत ते कधी कुणी बोललं नव्हतं.

अब्राफी शाळा संपवून कापडाच्या मजल्यावर आली ती तिथलीच झाली. लग्न झालं. नवरा कामाला म्हणून शेजारच्या देशात, अबिजानला, गेला आणि तिकडेच रमला. दोन मुलींना तिने वसतिगृहात ठेवलं. सकाळी कुलूप काढायला ती, संध्याकाळी लावायला ती. गावोगावच्या बायका तिला 'ताई' म्हणायच्या आणि घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की आधी तिला सांगून ठेवायच्या. कुमासीत कोण मरणार हे डॉक्टरच्या आधी अब्राफीला कळतं, अशी थट्टा चालायची. ती हसायची. पण पन्नाशीकडे झुकता झुकता तिचे कान एका वेगळ्याच आवाजाकडे लागलेले असायचे. जिन्यावरच्या बारिमांच्या चपलांचा आवाज.

आधी तो सरळ, ठाम असायचा. मग उजवी चप्पल घासायला लागली. मग मधल्या वळणावर आवाज थांबायला लागला. तो थांबला की अब्राफीच्या हातातली कात्री थांबायची. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि हिला काही ऐकू यायचं नाही. पुन्हा चप्पल घासली की मगच हिचा श्वास मोकळा व्हायचा.

एके दिवशी पोकुआने तिला मागच्या अंगणात गाठलं. आई मोठ्या लाकडी उखळात शिजवलेले कसावाचे कंद कांडत होती.

"तू विचार त्यांना," ती म्हणाली.

"मीच का? तू विचार ना."

"मी बायको. मी विचारलं तर म्हणतील, बया डोळे लावून बसली आहे. तू मुलगी आहेस. मुलीने हट्ट केला तर चालतो."

"आई, मी आजी व्हायच्या वयाची झाले. हट्ट कसला करू?"

पोकुआने मुसळ थांबवलं. "मग बोचकं बांधायची तयारी ठेव. माझं तर कधीच बांधून झालंय."

अब्राफी वर गेली. बारिमा खिडकीशी बसून खाली रस्त्याकडे बघत होते. तिने मक्याची गरम पेज पुढे ठेवली, वस्त्राच्या टोकाने वारा घातला, हवापाण्याचं बोलून झालं. शेवटी म्हणाली, "बाबा, कुळातल्या माणसांना एकदा बोलवा ना. दुकानाचं काय ते तुमच्या तोंडून होऊ दे."

बारिमांनी पेजेचा घोट घेतला. रीत त्यांना माहीत होती. स्वतः कमावलेलं माणूस जिवंतपणी हवं त्याला देऊ शकतो. पण कुळाच्या माणसांसमोर 'दिलं' असं तोंडाने म्हणायचं, आणि घेणाऱ्याने आभाराची, दारूची बाटली त्यांच्यापुढे ठेवायची. त्याशिवाय दिलेलं ते दिलेलं नव्हे.

"म्हणजे मी निघालो असं गावभर सांगायचं," ते म्हणाले.

"तसं नाही हो बाबा."

"तसंच आहे. आणि अडोमा काय म्हणेल? पहिली सायकल मामाच्या बागेवर आली. ते खोटं आहे का? मामाची पोरं गेली ना बोचकी घेऊन. मी दारात उभा राहून बघत होतो. पंधरा-सोळा वर्षांचा होतो. एक शब्द बोललो नाही." त्यांनी पेज खाली ठेवली. मग म्हणाले, "ईस्टर होऊ दे. ईस्टरनंतर बोलावतो."

ईस्टर झाला. मग पेरणी झाल्यावर म्हणाले. मग कुळाचे म्होरके जिमा आजोबा गुडघेदुखीने हैराण झाले. अब्राफीची झोप उडाली. बाजारात माल मिळत नव्हता, सरकारने ठरवलेला विक्रीचा भाव खरेदीपेक्षाही कमी होता, आणि शेजारच्या दुकानदारांनी चांगला माल आतल्या खोल्यांत दडवायला सुरुवात केली होती. अब्राफीनेही छापील कापडाचे गठ्ठे वरच्या मजल्यावर गाद्यांच्या थप्पीमागे रचून ठेवले. बारिमांना सांगितलं नाही. त्यांना आता काहीच सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नुसतं जगवायचं.

शेवटी दिवस ठरला. जिमा आजोबा भाच्याच्या गाडीतून आले. अजेई सुन्यानीहून आला. तो तिथे शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, चष्मा लावायचा, बोलताना खडू धरल्यासारखी बोटं जुळवायचा. अब्राफीने बाटली फडक्यात गुंडाळून आणली होती. सगळे बसले आणि निरोप आला की अडोमाबाईंच्या छातीत दुखतंय, त्या येऊ शकत नाहीत.

"बहिणीशिवाय कसं करायचं?" जिमा आजोबा म्हणाले. "उद्या म्हणेल, माझ्या पाठीमागे उरकलं."

"पुढच्या रविवारी करू," बारिमा म्हणाले. "अजेई, तू ऐकलंस ना, मी कशासाठी बोलावलंय ते?"

"ऐकलं, मामा," अजेई खाली मान घालून म्हणाला.

पुढचा रविवार बारिमांना लाभला नाही. गुरुवारी दुपारी ते कापडाच्या मजल्यावर आले होते. एक म्हातारी नवऱ्यासाठी काळं कापड बघत होती आणि बारिमा तिला म्हणत होते, "घ्या, हे घ्या, हे अंगावर जड होत नाही." एवढं बोलून त्यांनी फळीला हात टेकला, आणि फळीवरचं कापड हळूहळू उलगडत खाली आलं, त्याच्यामागून ते.

अंत्यविधी बारिमांच्या तोलामोलाचा झाला. काळी-लाल वस्त्रं, ढोल, रांगांनी खुर्च्या, सगळं त्यांच्याच दुकानातून गेलं. सगळं उरकल्यावर अडोमा आत्याने अब्राफीपुढे हात पसरला. "किल्ल्या."

अब्राफीने किल्ल्या दिल्या. तिला वाटलं होतं आपण रडू, भांडू. तसं काही झालं नाही. गेली कित्येक वर्षं जे होणार म्हणून ती घाबरत होती ते होऊन गेलं होतं. तिला आपले पाय जमिनीला लागल्यासारखे वाटले. आणि दुसऱ्याच क्षणी आईचा विचार आला. पोकुआ त्याच आठवड्यात माम्पाँगला, भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला गेली.

चाळिसाव्या दिवशी अजेईला वारस नेमलं. तो नोकरी सोडून कुमासीत आला. पहिल्या सकाळी तो कापडाच्या मजल्यावर आला आणि अब्राफीसमोर उभा राहिला.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला.

"जाऊन जाऊन कुठे जाणार? पोरींची फी आहे. पगार देणार ना?"

"अब्राफी, मला हे नको होतं."

"मग नाही म्हणायचं."

"आईला?" तो म्हणाला. "तू म्हणून बघ तिला नाही."

अब्राफीला हसू आलं. हसू आल्याचा रागही आला. ती पाठ फिरवून कापडाच्या घड्या घालत बसली.

अडोमा आत्या रोज येऊन गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. छातीत दुखायचं थांबलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती म्हणायची, "माझ्या मुलाचं दुकान. या, बसा." पाटी बदलायला तिने रंगारी बोलावला होता, पण रंग मिळत नव्हता. बाजारात काहीच मिळत नव्हतं.

जूनमध्ये सत्ता पालटली. तरुण सैनिकांनी जुन्या अधिकाऱ्यांना खाली खेचलं, आणि रेडिओवर दिवसरात्र एकच गोष्ट चालू झाली. देश कुणी लुटला तर व्यापाऱ्यांनी. साठेबाजी, काळाबाजार, चढा भाव, सगळ्याला लोकांच्या तोंडी एकच शब्द, 'कालाबुले'. राजधानीत, आक्रामध्ये, बाजारातल्या बायकांना भर चौकात फटके मारले, अशा बातम्या येऊ लागल्या. कापडाच्या मजल्यावर काम करणारी मन्सा त्या बातम्या तिखटमीठ लावून सांगायची.

"ताई, त्या बाईचं डोकंच भादरलं म्हणे. फुटक्या बाटलीने!"

"गप बस. काम कर."

"आणि दुकान कुणाचं म्हणून विचारतात. मालकालाच धरतात."

अब्राफीचं लक्ष वरच्या मजल्याकडे गेलं. गाद्यांच्या थप्पीमागचे गठ्ठे तिथेच होते. अजेईला त्यांचा पत्ताही नव्हता. ते आता बाहेर काढावेत तर दुकानात एकदम माल आला कुठून असं लोक विचारणार. हळूहळू विकावेत तर तेवढा वेळ कुठे होता? सांगावं अजेईला? ती दोनदा त्याच्या टेबलापर्यंत जाऊन परत आली. सांगितलं असतं तर तो शाळामास्तर घाबरून स्वतःच सैनिकांच्या छावणीत जाऊन कबूल करून आला असता. आणि खोल कुठेतरी एक वाईट विचारही होता. सापडले तर सापडू देत. मालक तो आहे ना.

त्या विचाराची तिला भीती वाटायची. सैनिकांपेक्षाही.

ते आले सकाळी, भर बाजाराच्या वेळी. ट्रक दारात आडवा लावला. हातात बंदुका घेतलेली, मिसरूड फुटलेली पोरं धाडधाड आत शिरली. एकाने भांड्यांची रांग काठीने खाली लोटली. सगळ्यांना, गिऱ्हाइकांनासुद्धा, रस्त्यावर उभं केलं. बघता बघता गर्दी जमली. वरच्या मजल्यावरून आरोळी आली, आणि मग खिडकीतून कापडाचा पहिला गठ्ठा रस्त्यावर येऊन आदळला. दोर तुटला. निळं-पिवळं कापड धुळीत पसरलं. गर्दीतून एकच कल्ला उठला. "कालाबुले! कालाबुले!"

कालपर्यंत 'ताई' म्हणणारे आवाज त्यात होते.

सैनिकांचा म्होरक्या पुढे आला. त्याचे डोळे लाल होते, बऱ्याच दिवसांत झोपला नसावा. "मालक कोण?"

तो एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत फिरला.

"दुकान कुणाचं? ए, चष्मेवाल्या, तू कोण?"

अजेई गठ्ठ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा खरोखर कोरा होता. "हे... हे कुठून आलं?" तो म्हणाला. सैनिकाने त्याच्या दंडाला धरलं. अजेईचा चष्मा पडला. तो वाकला तशी बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत बसला आणि तो गुडघ्यांवर आला.

बोल, असं अब्राफी स्वतःला म्हणत होती. तेवढ्यात तिच्या शेजारून किंचाळी आली.

"तो नाही! सोडा त्याला! तो मास्तर आहे, त्याचा काय संबंध?" अडोमा आत्या अंगावरचं वस्त्र सावरत पुढे धावली आणि तिने हात वर करून पाटीकडे बोट दाखवलं. "वाचा ना! वाचता येतं ना तुम्हाला? बारिमा आणि त्याची मुलं! दुकान बारिमाच्या मुलांचं आहे. ही त्याची मुलगी. ही मालकीण. हिचंच आहे सगळं, पहिल्यापासून हिचंच!"

अडुममधल्या जुन्या लोकांना ती पाटी आणि तो तंटा माहीत होता. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

सैनिकाने अब्राफीकडे बघितलं. "खरं?"

आत्याचे डोळे तिच्यावर खिळले होते. त्या डोळ्यांत माज नव्हता, वैरही नव्हतं. तिथे फक्त भीती होती, आणि अब्राफीला ती भीती चांगली ओळखीची होती. पुढे लोक म्हणाले की अब्राफीने आतेभावासाठी स्वतःला पुढे केलं. ती स्वतः तसं कधी म्हणाली नाही. गठ्ठे तिने ठेवले होते. आणि जन्मभर जे कुणी तिला विचारलं नव्हतं ते आज विचारत होतं.

"हो," ती म्हणाली. "माझं आहे. कापडही मीच ठेवलंय. त्याला माहीत नव्हतं."

तिला ट्रकमध्ये चढवलं. ट्रक वळताना तिने बघितलं, माल सरकारी भावाने तिथेच विकायला काढला होता आणि रांगेसाठी लोक एकमेकांना ढकलत होते.

छावणीच्या मैदानात तिच्यासारख्या आणखी बायका होत्या. तिथे काय झालं ते अब्राफीने मुलींनाही नीट सांगितलं नाही. डोकं भादरलं, पाठीवर वेत बसले, एवढंच सगळ्यांना दिसलं. फटक्यांपेक्षा आपली पाळी येण्याची वाट बघणं वाईट होतं, असं ती एकदा मन्साला म्हणाली.

अजेई रोज फाटकाशी यायचा. पहिल्या दिवशी त्याने पहारेकऱ्याला सांगितलं, "खरा मालक मी आहे. तिला सोडा, मला घ्या." ती पोरं खो खो हसली. "मास्तर, बहिणीच्या जागी फटके खाणार? आधी गवत काप." त्याने खरंच दिवसभर कोयत्याने मैदानातलं गवत कापलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला तर पुन्हा गवत. डब्यात काय आहे ते पहारेकरी आधी खायचे आणि उरलेलं आत जायचं. कधी नुसतं सूप पोचायचं. सूप अडोमा आत्याने केलेलं असायचं. अब्राफीने चवीवरून ओळखलं. पहिल्या दिवशी तिने ते तसंच ठेवलं. नंतर प्यायली.

सोडलं तेव्हा अजेई फाटकाबाहेर उभा होता. त्याच्या तळहातांना फोड आले होते. त्याने स्वतःचं वस्त्र तिच्या डोक्यावर पांघरलं. पोकुआ माम्पाँगहून येऊन बसली होती. तिने मुलीच्या पाठीला तेल लावलं, आणि तेल लावता लावता हुंदका दाबून म्हणाली, "मीच तुला 'त्यांना विचार' म्हणाले होते."

पाठीच्या जखमा सुकल्यावर जिमा आजोबांनी कुळाला बोलावलं. बैठक रिकाम्या दुकानातच झाली, कारण बसायला तेवढी जागा दुसरीकडे नव्हती. फळ्यांवर काहीच नव्हतं. बोललेलं भिंतींवर आदळून परत यायचं.

"अडोमा," जिमा आजोबा म्हणाले, "तू त्या दिवशी रस्त्यात काय बोललीस?"

"सगळ्यांनी ऐकलंय."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"घाबरून बोलले मी. माझ्या मुलाला मारत होते. तुम्ही काय केलं असतं?"

"तेच केलं असतं. मी विचारतोय ते वेगळंच. घाबरून खोटं बोललीस, की घाबरून खरं बोललीस?"

आत्याने अब्राफीच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

मग अजेई उठला. बोटं नेहमीसारखी जुळवली. "मामाने बोलावलं होतं तेव्हा मी आलो होतो. त्याला हिला द्यायचं होतं. त्याने मला विचारलं, ऐकलंस ना, आणि मी हो म्हणालो. मामा गेल्यावर ते मी कुणाला सांगितलं नाही. आता मी वारस आहे ना? मग मी देतो."

"इमारत नाही!" आत्या एकदम म्हणाली. "इमारतीत माझ्या मामाची बाग आहे."

"आणि माझा भात," पोकुआ मागून म्हणाली.

ती कधी बैठकीत बोलली नव्हती. सगळ्यांनी माना वळवल्या. पोकुआ घाबरली, पण खाली बसली नाही.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. शेवटी जिमा आजोबांनी तोडगा काढला. इमारत कुळाची राहील. धंदा, नाव आणि माल अब्राफीचा, आणि तिला तिथून कुणी उठवायचं नाही. पोकुआला मागची खोली जन्मभर.

"माल?" कुणीतरी म्हणालं. "कुठला माल, आजोबा?" आणि एवढ्या ताणात पहिल्यांदा सगळे हसले. अब्राफीही हसली. मग तिने बाटली पुढे ठेवली. जिमा आजोबांनी पहिला घोट पूर्वजांसाठी जमिनीवर ओतला आणि प्याला सर्वांपुढे फिरवला. अडोमा आत्याने तो हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला, आणि प्यायली.

अजेई सुन्यानीला शाळेत परत गेला. अब्राफीने दुकान उघडलं तेव्हा बाहेरचं कापड येणं बंदच होतं. ती असोक्वा भागातल्या रंगाऱ्यांकडे गेली. ते झाडाच्या सालीच्या काढ्यात कापड काळं रंगवायचे. जुनी, विटलेली वस्त्रं लोकांनी आणून द्यायची आणि मर्तिकाच्या आधी काळी करून न्यायची, असं तिने सुरू केलं. नवं काही नसलेल्या त्या वर्षांत माणसं मरायची थांबली नव्हती. दुकान चाललं. आधी एका मजल्यावर, मग दोन. पण बाहेर मोठी गाडी थांबली की तिचे हात जागच्या जागी थिजायचे. मन्सा खिडकीतून डोकावून सांगायची, "सिमेंटचा ट्रक आहे, ताई," आणि मगच कात्री चालायला लागायची. केस परत आले, पांढरे आले, तरी डोक्याचं फडकं तिने सोडलं नाही.

पोकुआ मागच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर वारली. त्यानंतर दोन वर्षांनी सरकारने नवा कायदा केला. माणूस काही लिहून न ठेवता गेला तर त्याच्या कमाईत आधी बायको-मुलांना वाटा, मग कुळाला. दुपारच्या बातम्यांत ते सांगितलं तेव्हा अब्राफी एका तरुण बाईला कापड मोजून देत होती. अडोमा आत्या गल्ल्याशेजारी खुर्चीवर होती. ती आता रोज यायची, नीट दिसायचं नाही, पण घरी करमायचंही नाही. त्या बाईने बातमी अब्राफीकडून पुन्हा एकदा समजावून घेतली, कापड छातीशी धरलं आणि घाईघाईने निघून गेली, कुणाला तरी सांगायला जात असावी.

आत्या म्हणाली, "चांगलं झालं. तुझ्या आईसारख्यांचं चांगलं झालं." आणि थोड्या वेळाने, "पण मग बहिणींनी कुठे जायचं गं?"

तिच्या आवाजातली काळजी खरी होती. अब्राफीने मन्साला हाक मारून आत्याचा निवलेला चहा बदलायला सांगितला आणि खुर्ची उन्हातून थोडी आत सरकवली.